मागचे तीन बाक

आमच्या यांना कोणी विचारलं, नोकरीत काय करायचात, तर हे एकच उत्तर देतात, "भुसा आणि गोंद." लोकांना वाटतं म्हातारा विनोद करतोय. विनोद कसला डोंबलाचा! तीस वर्षं स्लाऊच्या एका कारखान्यात यांनी चिपबोर्डची किचनची कपाटं जोडली. चिपबोर्ड म्हणजे भुसा आणि गोंदच की. ज्या माणसाच्या वडिलांनी नगरला मिशनच्या शाळेत दोन पिढ्यांना सुतारकाम शिकवलं, त्याने इंग्लंडात येऊन तीस वर्षं भुसा चिकटवला. आणि त्याला इथे आणलं कोणी? मी.

मी वीणा भिंगारदिवे. पेशाने नर्स, पुढे वॉर्ड सिस्टर, आणि आमची लेक शिल्पा म्हणते तशी अजूनही ऑन ड्यूटी. १९७४ साली मला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि वर्षभराने हे मागून आले. शशिकांत भिंगारदिवे, वय सव्वीस, बॅगेत दोन सदरे, मराठी बायबल आणि माझ्या सासऱ्यांचा वाकस. वाकस म्हणजे आखूड दांड्याचं, आडव्या पात्याचं हत्यार, सुतार त्याने लाकूड तासतात. तो वाकस स्लाऊच्या घरात जिन्याखाली राहिला, कापडात गुंडाळलेला. चिपबोर्डला वाकस लागत नाही.

माझी एक सवय आधीच सांगून ठेवते. मला कोणाला सुनवायचं असलं की मी हातातला कप आधी खाली ठेवते. पूर्वी यांचा फोरमन ख्रिसमसला आमच्या घरी आला होता. आमच्याच सोफ्यावर बसून, मी केलेल्या करंज्या खात म्हणाला, "शशी इज अ गुड बॉय, फॉर अ..." पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण मी कप खाली ठेवला होता. पाच मिनिटांत गडी कोट चढवून बाहेर. हे दाराआड उभे राहून तोंडावर रुमाल धरून हसत होते. तेव्हापासून कुठे काही बिनसलं की हे आधी माझ्या हातातल्या कपाकडे बघायचे.

रिटायर झाल्यावर शिल्पाच्या जवळ म्हणून आम्ही बेसिंगस्टोकला आलो. घरापासून गाडीने दहा मिनिटांवर, शेतांच्या कडेला एक चर्च आहे. बाहेरून बघाल तर काही विशेष नाही. गारगोट्यांच्या भिंती, बुटका मनोरा, उतरतं कौलारू छप्पर. पहिल्या रविवारी आम्ही गेलो आणि हे दारातच थांबले. मागे माणसं खोळंबली तरी हलेनात. दाराच्या कडीकडे बघत होते. गावच्या लोहाराने हाताने घडवलेली कडी, टोकाला पान, आणि पानाला शिरासुद्धा! आत चुन्याच्या पांढऱ्या भिंती, ठोकून केलेले तांब्याचे दिवे, छताच्या तुळयांवर रंगवलेली वेल, खिडक्यांना जाड हिरवट काच, तिच्यात बुडबुडे. आणि ओकचे बाक. प्रत्येक बाकाच्या कडेच्या फळीवर वेगळं कोरीव काम, कुठे काटेरी झुडपावरची फळं, कुठे चिमणीएवढा पक्षी, कुठे नुसती गोगलगाय. १९०८ सालचं हे चर्च. यंत्राच्या वस्तूंचा ज्यांना तिटकारा होता अशा लोकांनी बांधलेलं. आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात त्या चळवळीला.

उपासना संपल्यावर हे गुडघ्यांवर बसले. पाळकबाईंना वाटलं प्रार्थना करताहेत. कसली प्रार्थना! हे बाकाखाली डोकं घालून सांधे बघत होते.

"एक खिळा नाही गं वीणा. सगळी कुसं, लाकडात लाकूड रोवलेलं, आणि लाकडी खुंट्या. शंभर वर्षांत सांधा हलला नाही," हे खालूनच म्हणाले. वर आले तेव्हा डोळे भरलेले.

मी म्हटलं, "उठा आता. लोक बघताहेत."

यांना खटकली ती एकच गोष्ट. बाकांवरून हात फिरवला की बारीक बारीक खळगे लागायचे. वाकसाच्या घावांच्या खुणा होत्या त्या. आता सासऱ्यांचा नियम असा, की वाकसाने तासायचं, मग रंधा मारायचा, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी डोळे मिटून फळीवर तळहात फिरवायचा. हात कुठेही अडला तर काम राहिलं. लहानपणी हात अडला की यांच्या पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे यांनी मनाशी एक गोष्ट रचली. बाक बनवणारा मिस्त्री मध्येच वारला असणार, आणि मागच्यांनी तसेच आणून ठेवले असणार.

"सांधे बघ, मास्तर माणूस होता. वरचं काम तेवढं बिचाऱ्याचं राहून गेलं," हे म्हणायचे. असं म्हणायचे जसा काही तो यांच्याच वर्कशॉपमधला.

पाळकबाईंचं नाव ज्युडिथ. बाई मनाने चांगली, घाई मात्र फार. यांचं लाकडाचं वेड तिच्या लक्षात आलं. शास्त्रपाठ वाचायला तिथे लोखंडी घडीचा स्टँड होता, बँडवाले वापरतात तसला. ज्युडिथ यांना म्हणाली, "शशी, तुम्ही ओकचा करून द्याल? कायमचा?"

कायमचा! यांनी जोडलेलं एकही कपाट आज कुठे उभं नसेल. लोक दहा वर्षांत किचन उखडतात आणि टाकून देतात. आता यांच्या हातची एक वस्तू यांच्यामागे राहणार होती, आणि तीही त्या बाकांच्या शेजारी. यांनी ओकची फळी आणून गॅरेजमध्ये वाळत ठेवली. इंचाला एक वर्ष लागतं म्हणे. दोन इंची फळी, म्हणजे दोन वर्षं. रोज सकाळी चहाच्या आधी हे तिला बघून यायचे, आम्ही वॉर्डात पेशंटचा राउंड घ्यायचो तसे. वाकसही कापडातून बाहेर आला आणि गॅरेजच्या भिंतीवर टांगला गेला.

आता माझं सांगते. त्या चर्चमध्ये मी यांच्यापेक्षा जास्त रुळले. दर शनिवारी लोक चर्च बघायला येतात, त्यांना माहिती सांगायला गाइड लागतात. त्या यादीत माझं नाव लागलं. गळ्यात बॅज, हातात लॅमिनेट केलेलं कार्ड. मोत्यांची कानातली घातलेल्या बायका माझं ऐकून माना डोलवायच्या. पस्तीस वर्षं मी असल्याच बायकांची बेडपॅन उचलली, आणि आता त्या मला "हाउ फॅसिनेटिंग" म्हणत होत्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. त्यात मिसेस पेनफोल्ड, म्हणजे चर्चचा सगळा कारभार बघणारी वॉर्डन, मला म्हणाली की पुढच्या निवडणुकीत चर्च कौन्सिलवर तुमचं नाव सुचवते. आमच्यातलं तोवर कोणी त्या कौन्सिलवर गेलं नव्हतं.

त्या कार्डावर चौथ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं. बाकांवरच्या वाकसाच्या खुणा कारागिरांनी मुद्दाम ठेवल्या आहेत, ज्या हाताने काम केलं तो हात दिसावा म्हणून. दोन वर्षं मी दर शनिवारी हे मोठ्याने वाचत होते. आणि मनात म्हणत होते, काय एकेक कौतुकं या इंग्रजांची! काम अर्धवट सोडायचं आणि वर त्याचं तत्त्वज्ञान सांगायचं. यांना मी ते कधी सांगितलं नाही. यांचा शनिवार टीव्हीवरच्या क्रिकेटचा, आणि इंग्रजी कागद वाचायचा यांना कंटाळा.

शिवाय माझी शाल होती. मला सत्तर पुरी झाली तेव्हा शिल्पाने पश्मिन्याची शाल दिली होती. आम्ही बसायचो मागे, डावीकडे. दर रविवारी उठताना बाकाच्या त्या खडबडीत पाठीत शालीचा एक तरी धागा अडकायचा. घरी येऊन सुई घेऊन बसा! एका रविवारी माझं डोकंच फिरलं.

"एवढे मास्तरांचे चिरंजीव म्हणवता," मी म्हटलं, "आणि बायको बसते तो एक बाक तुम्हाला गुळगुळीत करता येत नाही?"

हे उठून गॅरेजमध्ये गेले. पण मी यांना ओळखते. बोलणं नेमकं कुठे लागतं ते मला पन्नास वर्षांत पाठ झालंय.

२०२२ च्या उन्हाळ्यात मागच्या तीन बाकांचे पाय ओल लागून कुजल्याचं दिसलं. ज्युडिथने यांना विचारलं, कराल का दुरुस्त? हे म्हणाले, करतो, आणि फिनिशिंगही नीट करून टाकतो. ती सुट्टीवर निघाली होती, बॅग गाडीत टाकता टाकता म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." झालं. यांनी रंधे परजले.

तीन आठवडे हे सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. मी दुपारी डबा घेऊन जायचे. मी लग्नात पाहिलेला माणूस मला त्या तीन आठवड्यांत परत दिसला. बाह्या वर, केसांत भुसा, खऱ्या लाकडाचा भुसा, आणि तोंडाने आमच्या नगरच्या चर्चमधली गाणी. पायांचे तुकडे असे बसवले की जोड शोधून दाखवा. मग रंधा. मग पेपर. मग जवसाचं तेल. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "डोळे मिट आणि हात फिरव." मी हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे अडला नाही.

"कसं?" हे म्हणाले.

"मामंजींनी धपाटा घातला नसता," मी म्हटलं.

त्या तीन आठवड्यांत तीन शनिवार आले. तिन्ही शनिवारी मी त्या बाकांवर स्वतःच्या हाताने चादरी पसरल्या आणि कार्ड वाचताना चौथा परिच्छेद गाळला. का गाळला, म्हणून मला विचारू नका. एवढं कळत होतं, तर मग मी यांना का नाही थांबवलं? कारण पहिला बाक तेव्हा झालाच होता. कारण हे गात होते. आणि कारण माझी शाल, दुसरं काय!

सप्टेंबरात ज्युडिथ परत आली. रविवारी यांनी स्वतः चादरी काढल्या. मिसेस पेनफोल्डने बाकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तव्याला लागावा तसा मागे घेतला. "ओ," ती म्हणाली. "ओ, शशी." यांना वाटलं, खूश झाली. तिला जवसाच्या तेलाचे किती हात दिले ते सांगू लागले.

पंधरा दिवसांनी मीटिंग झाली. बिशपच्या ऑफिसातून जुन्या इमारतींचे एक सल्लागार आले होते. ज्युडिथ, मिसेस पेनफोल्ड, हे आणि मी, चर्चमागच्या छोट्या खोलीत गोल टेबलाशी. मी सगळ्यांचा चहा ओतला आणि माझा कप घेऊन बसले. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं! ते गृहस्थ फार सौम्यपणे सांगत होते. पायांचं काम अप्रतिम आहे. पण बाकांवरच्या खुणा हेच या चर्चचं वैशिष्ट्य होतं. यांना वाटत होतं तसा मिस्त्री मध्येच वारला नव्हता, त्याने काम पुरं करूनच ठेवलं होतं. रंध्याने जे गेलं ते आता परत येणार नाही. असे बाक देशात फार थोड्या ठिकाणी उरलेत.

यांचा चेहरा मी बघत होते. आधी यांना कळलंच नाही. मग कळलं. हाताचे दोन्ही पंजे यांनी टेबलाखाली घेतले.

त्या माणसाने खिशातून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे तर तुमचे गाइडही लोकांना वाचून दाखवतात," तो म्हणाला. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. इंग्रज माणसं अशा वेळी बघत नाहीत. बॅज माझ्या गळ्यातच होता.

मग त्याने यांना विचारलं, "मि. भिंगारदिवे, हे गुळगुळीत करायला तुम्हाला कोणी सांगितलं का?"

ज्युडिथची मान खाली गेली. यांनी तिच्याकडे बघितलं नाही. यांनी माझ्या हातांकडे बघितलं. कपाकडे. दोन सेकंद असतील, फार तर तीन.

भर वॉर्डात सर्जनला झापणारी मी. फोरमनला घराबाहेर काढणारी मी. मूग गिळून बसले. मनात काय चाललं होतं ते खरं सांगते. आता बोलले तर बॅज जाईल, कौन्सिल जाईल, त्या मोत्यांच्या बायका परत माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागतील. यांचं काय, यांना लोक साधा माणूस म्हणून माफ करतील. असा हिशेब केला मी, स्वतःच्या नवऱ्याचा.

"नोबडी," हे म्हणाले. "माय आयडिया."

चहावर साय धरली तरी कप माझ्या हातातच होता.

पुढचं सगळं अगदी रीतसर झालं. यांनी निरोप पाठवला की घरी वाकस आहे, मी खुणा पुन्हा घालून देतो. उत्तर आलं की नको, नव्या खुणा जुन्या म्हणून दाखवणं म्हणजे फसवणूक. मागच्या बाकांवर एक छोटी पाटी लागली, "मूळ पृष्ठभाग २०२२ मध्ये एका स्वयंसेवकाच्या अयोग्य कामामुळे नष्ट झाला." नाव घातलं नाही, केवढा तो मोठेपणा! त्या गावात रंधा मारणारे सावळे म्हातारे जणू दहा-बारा होते.

मी कौन्सिलवर निवडून आले. दुसऱ्याच बैठकीत वाचनाच्या स्टँडचा विषय निघाला. घरच्या माणसाचा विषय असला की सभासदाने बाहेर थांबायचं असा नियम आहे. मी बाहेर कोटांच्या खुंट्यांपाशी उभी राहिले आणि त्या नियमाचे आभार मानले. आत गेले तेव्हा विषय संपला होता. ज्युडिथ घरी केक घेऊन आली यांना सांगायला. आम्ही तूर्तास लोखंडी स्टँडच ठेवतोय, पण शशी, खुर्च्या लावायला तुमची मदत झाली तर फार बरं. हे म्हणाले, "थँक यू." केकही खाल्ला.

त्यानंतर हे आत आले नाहीत. दर रविवारी मला गाडीने सोडतात, आणि उपासना संपेपर्यंत पार्किंगमध्ये बसतात. मराठी बायबल गाडीतच ठेवलंय. शिल्पा म्हणाली, "बाबा, दुसरं चर्च शोधू या ना." हे म्हणाले, "तुझ्या आईला इथे आवडतं."

खरंच आवडतं. शाल आता अडकत नाही.

परवाच्या हिवाळ्यात गॅरेजमधून आवाज यायला लागला. टक, टक, मध्ये थांबा, पुन्हा टक. मी जाऊन बघितलं तर ती ओकची फळी सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवी, आणि यांच्या हातात सासऱ्यांचा वाकस. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि एकाशेजारी एक घाव घालत चाललाय. मी विचारलं नाही. दोन महिने हे चाललं होतं. एक बाजू झाली की रंध्याने साफ करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून तासायला घ्यायचे. फळी दोन इंचांची सव्वा इंचावर आली.

एका सकाळी यांनी मला हाक मारली. मी चहाचा कप हातात घेऊनच गेले.

"हात फिरव," हे म्हणाले.

मी मोकळा हात फिरवला. खळगे, एकासारखा एक, तरी कुठलाच दुसऱ्यासारखा नाही.

"हे रंध्यापेक्षा अवघड आहे गं," हे म्हणाले. "रंधा काय, चुका पुसत जातो. इथे एक घाव चुकला की तो तसाच दिसतो. त्या माणसाने तीस बाक असे केले. एकदाही चुकला नाही. आणि मी त्याचे तीन पुसून टाकले. त्याचं काही राहिलं नव्हतं वीणा. मीच अडाणी."

"असं नका ना बोलू," मी म्हटलं.

"अडाणीच. विचारायला हवं होतं मी कोणाला तरी."

दीड वर्ष जे दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. "अहो, मला माहीत होतं," मी म्हटलं. "कार्डावर होतं. मी दर शनिवारी वाचायचे. तरी तुम्हाला बोलले नाही. शालीचंही मीच म्हटलं होतं."

यांनी वाकस फळीवर आडवा ठेवला. पात्यावरचा भुसा अंगठ्याने पुसला.

"ते मला तेव्हाच कळलं," हे म्हणाले. "त्याने कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हा. त्याचं मला काही नाही. शाल तुझी, पण रंधा मी मारला."

मग माझ्या हातातल्या कपाकडे बघून म्हणाले, "मला फक्त वाटलं होतं, तू कप खाली ठेवशील."